प्रसंग अज्ञात

बोल्टनच्या संग्रहालयाखाली, तळघरात,
दर मंगळवारी मी काचा पुसते.
कोरडा कापूस, तोही इजिप्तचा असं पुडक्यावर छापलेलं,
आणि पुसायची फक्त मागची बाजू,
कारण पुढच्या बाजूला देव आहेत.

कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी
तिकडच्या देवळांच्या भिंती टिपून आणल्या.
काचेत सगळं उलटं: ऊन काळं, सावल्या पांढऱ्या.
खोक्यावर गावाचं नाव नाही, साल नाही.
हेस्केथबाई म्हणतात, तू सण ओळख,
देवळाचं बघू मग.

सोपे सण आधी सुटतात.
दोन खुणांच्या मधून राजा पळतोय
म्हणजे गादीवर तीस वर्षं झाली.
म्हाताऱ्यानं पळून दाखवायचं,
अजून पाय आहेत म्हणून.
(माझ्या सासऱ्यांना इथल्या गिरणीत तीस वर्षांनी
भिंतीवरचं घड्याळ मिळालं.
पळायला कुणी सांगितलं नाही.)

पांढरा बैल, शिंगांत सूर्य आणि दोन पिसं,
राजाच्या हातात विळा, ओंब्यांची जुडी,
चार पाखरं चार दिशांना सोडलेली:
हा सुगीच्या मिन देवाचा.
पाठीमागे त्याच्या लेट्यूसचा वाफा.
मी म्हटलं, पोळाच की हा.
हेस्केथबाईंनी स्पेलिंग विचारलं.

आणि होडीच्या नाळेवर हरणाचं डोकं,
तेही मागे वळून बघणारं,
तर तो सोकर.
त्याच्या रात्री गळ्यात कांद्याच्या माळा घालत.
हे वाचलं त्या दिवशी
मी घरी जाऊन कांदे चिरलेच नाहीत.

मग काच क्रमांक तीनशे सतरा.
भिंत गुडघ्यापासून वर पडलेली.
ना देव, ना राजा, ना अक्षर.
नुसती पावलं. सव्वीस.
बाईंनी कार्डावर लिहिलं, सैनिक, पुढे प्रश्नचिन्ह.
मग म्हणाल्या, किंवा खंडणी घेऊन आलेले.

पावलांवरून काय कळणार?
कोरणाऱ्यानं चौकटी आखून
सगळ्यांना एकच पाऊल दिलेलं,
ओझं असो नसो, टाच तेवढीच.
मी तीन मंगळवार त्यांच्याकडे बघत बसले.
चौथ्या मंगळवारी, चहा गार झाल्यावर,
उजव्या कडेला दिसलं:
चोवीस पावलं एका दिशेला,
शेवटची दोन त्यांच्याकडे तोंड करून.

आमच्या गावी भैरोबाच्या पालखीपुढे
नाथा गुरव धुपाटणं घेऊन
उलट्या पावली चालायचा.
देवाला पाठ दाखवायची नाही.
एका वर्षी ग्रामपंचायतीनं खणलेल्या चरात
तो कमरेपर्यंत गेला,
हात मात्र वर, निखारा एक सांडला नाही.
भोई थांबले. पालखी थांबली.
सगळे आधी हसले, मग त्याला काढला.

हे मी बाईंना कसं सांगणार?
धुपाटण्याला शब्द सापडेना.
मग उठले, चहाचा कप दोन्ही हातांत धरला
आणि खोक्यांच्या रांगेतून
त्यांच्याकडे बघत मागे मागे चालत गेले,
पार बॉयलरच्या दारापर्यंत.

त्या काही बोलल्या नाहीत.
चष्मा काढला, भिंग घेतलं,
काच दिव्यावर धरली.
सैनिकांपुढे असं कुणी चालत नाही, म्हणाल्या.
कर भरायला जाताना तर नाहीच, मी म्हटलं.

वर, तुटलेल्या भागात, खांद्यांवर
कुणीतरी होतं.
कोण ते नाही सांगता येणार.
बाईंनी सैनिक खोडलं,
रबराचा भुगा फुंकला,
आणि पेन्सिलीनं लिहिलं:
देवाची मिरवणूक. प्रसंग अज्ञात.
खाली माझं नाव, माझ्या स्पेलिंगनं.

पाकीट मी धरलं.
काच आत सरकवताना उजवी कड आधी गेली:
ती दोन पावलं उलटी आत शिरली
आणि मागून, एकेक करून, चोवीस.